काचेच्या खोलीवर पांढरी माती

विजापूर रोडने कंबर तलावाकडे निघालं की डाव्या हाताला आमची वसाहत लागते. तिच्या शेवटच्या गल्लीत, जिथे मुरमाची जमीन तलावाच्या दिशेने उतरायला लागते, तिथे एक घर आहे. आज बघणाऱ्याला त्यात काही विशेष दिसायचं नाही. पण तीन-चार वर्षांपूर्वी ते बघायला लोक बायकामुलांना घेऊन टांग्यातून येत. कारण त्या घराची पुढची खोली जमिनीवर नव्हतीच. ती उतारावर, नुसत्या हवेत, पुढे आलेली होती. खाली खांब नाही, बाजूला भिंत नाही, तीन अंगांना फक्त काच. संध्याकाळी आत दिवा लागला की लांबून वाटे, अंधारात कुणी हात लांब करून कंदील धरलाय. सगळे तिला ‘रेवणप्पाचा कंदील’च म्हणत.

नाव रेवणप्पांचं होतं, पण त्या कंदिलात दिवसभर राहायचं महादेवीला. ही हकिगत तिची आहे.

रेवणप्पांचं नवी पेठेत फोटोला चौकटी बसवायचं दुकान होतं. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. काच कापण्याआधी ते ती उभी धरून नखाने टिचकी मारत आणि कान लावून ऐकत. “चांगली काच बोलती,” असं गिऱ्हाइकाला सांगत. “भिंत कधी बोलती का? काच बोलती.” एकदा पुण्याहून शिकून आलेल्या एका तरुण इंजिनियरने त्यांच्याकडे एक चित्र चौकटीला दिलं. परदेशातलं कुठलंतरी घर, कड्याच्या बाहेर झुकलेलं, सगळं काचेचं. रेवणप्पांनी ते चित्र वायद्याला दिलं नाही, पुढच्या वायद्यालाही दिलं नाही. समोर ठेवून बघत बसले. शेवटी इंजिनियर भांडायला आला आणि दोघं संध्याकाळपर्यंत चहा पीत बसले. एकाला असलं घर बांधून बघायचं होतं, दुसऱ्याला असल्या घरात राहून बघायचं होतं. अशी जोडी जमल्यावर मग काय!

“जन्मभर दुसऱ्यांच्या देवांवर काच लावली,” रेवणप्पा म्हणत, “आता एकदा स्वतःवर लावून घेतो.”

घर झालं तेव्हा मीही बघायला गेले. महादेवी स्टुलावर उभी राहून ओल्या वर्तमानपत्राने काच पुसत होती. मला बघून म्हणाली, “या की वैनी. आत बसा, न्हायतर भायेर उभं ऱ्हावा. दोन्ही सारखंच हाय हितं.”

मला ती तिथेच आवडली. अक्कलकोटकडच्या खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली, अंगाने बारीक. कपाळाला विभूती, बोलणं मराठी, पण रागावली की कानडी. एकुलती मुलगी लग्न होऊन हुबळीला गेलेली, त्यामुळे घरात ही दोघंच. तिने मला सगळी खोली दाखवली आणि शेवटी कमरेवर हात ठेवून विचारलं, “आता मला सांगा वैनी, खिळा कुटं मारू?”

खरंच की. उभ्या सोलापूरच्या तसबिरी ज्याने मढवल्या, त्याच्या बैठकीच्या खोलीत एक तसबीर लावायला हातभर भिंत नव्हती. बसवेश्वरांचा मोठा फोटो स्वयंपाकघरात, तोही पिठाच्या डब्यावर टेकवलेला.

“देवाला फोडणीचा वास आवडतोय,” रेवणप्पा मागून म्हणाले. त्यांनी मला बाहेर नेलं, उतारावरून खाली, थेट त्या खोलीच्या पोटाखाली. येणाऱ्या प्रत्येकाला ते तिथे नेऊन उभं करत. “बघा. हात लावून बघा. खांब हाय का कुटं?” वर गुळगुळीत सिमेंट आणि त्याच्यावर आपल्या बायकोची पावलं वाजताहेत. हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, की हसायला आलेला माणूसही गप्प होई.

त्या खोलीत सुख नव्हतं असं मी म्हणणार नाही. थंडीच्या दिवसांत सकाळची कामं उरकून मी तिकडे जायची. आम्ही दोघी हरभऱ्याचे घाटे सोलत बसायचो. कोवळं ऊन पायांवर, समोर तलावातली कमळं, त्यांच्या पानांवरून चालणारे पक्षी. आपण घरातही आहोत आणि बाहेरही, कुणी हाकलत नाही, कुणी बोलवत नाही. साऱ्या जन्मात स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल तेवढंच आकाश बघितलेल्या बाईला असं बसायला मिळणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. महादेवीलाही कळत होतं, फक्त ती तसं म्हणायची नाही. “चिमन्या आपटून मरतेत, तेवढं वाईट,” म्हणायची, आणि मग बराच वेळ बाहेर बघत राहायची.

पण सोलापूरचा उन्हाळा परदेशातल्या चित्रात नव्हता. फाल्गुन सरला की ती खोली भट्टी व्हायची. काचेतून आत आलेलं ऊन बाहेर जायचं नाव घेत नसे. वर पातळ स्लॅब, तो तव्यासारखा तापे. दहा वाजले की दोघं आतल्या खोल्यांत पळत आणि दिवेलागणीला परत येत. रेवणप्पा म्हणत, “राजेलोकांचा न्हाय का, उन्हाळ्याचा वाडा येगळा असतोय.”

“वर पांढरी टाकू की वीतभर,” महादेवी म्हणे.

तिच्या माहेरचं घर माळवदाचं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर हातभर माती आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. आमच्या भागात पावसाळ्याआधी दर वर्षी माळवदावर नवी पांढरी पसरतात, ठोकून बसवतात. खाली वैशाखातसुद्धा रांजणाजवळ बसल्यासारखं गार. महादेवीच्या लेखी छप्पर म्हणजे माती आणि माती म्हणजे गारवा, हे पाणी ओलं असतं इतकं साधं होतं.

“घाल, माती घाल,” रेवणप्पा हसत. “उद्या काचंला शेणानं सारव. मातीतली बाई तू, मातीतच जीव तुजा.”

ते भांडण त्यांचं नेहमीचं होतं. तिला त्या छतावर कुरडया वाळत घालायच्या होत्या, त्यांनी तिकडे जायला जिनाच ठेवला नव्हता. “त्या छताला हात लावायचा न्हाय,” एवढंच सांगत.

“छत हाय का नवरी?” ती म्हणे. “हात लावायचा न्हाय म्हनं!”

शहात्तर सालच्या माघात दुकानात काच कापता कापता रेवणप्पा खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं. वाचा गेली. डावा हात आणि डोळे तेवढे राहिले. तोंडातून ‘आं, आं’ असा एक आवाज निघे. त्यात भूकही तीच, तहानही तीच, रागही तोच.

दवाखान्यातून आणलं तेव्हा महादेवीने त्यांना आतल्या खोलीत निजवलं. त्यांनी डोळे मिटले, दात आवळले आणि पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नाही. रात्र गेली, दिवस गेला. शेवटी तिने शेजारपाजारचे चार जण बोलावून खाट काचेच्या खोलीत नेली. तलाव दिसला तसे दात सुटले. त्यांनी दूध घेतलं. रोज सकाळी ती त्यांच्या गळ्यातलं लिंग त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवी, स्वतः भस्म लावी, बेलाचं पान वाही. आणि ते डोळे मिटून पूजेत असत. मग दिवसभर बाहेर बघत.

डॉक्टर म्हणाले, “मनाविरुद्ध काही करू नका, जिथे शांत राहतील तिथे ठेवा. आणि उन्हाला जपा. या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं तर मग माझ्या हातात काही नाही.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या घरात मात्र त्या दोन्ही एकदम होत नव्हत्या. आणि चैत्र लागला होता.

महादेवीने काय केलं नाही! घरातल्या सगळ्या चादरी भिजवून काचांवर बाहेरून सोडल्या. खोली जरा निवली, पण रेवणप्पांना समोर तलावाऐवजी चादरीवरचे मोर दिसायला लागले. डाव्या हाताने ते काचेवर मारत राहिले, बोटं सुजेपर्यंत. तिने संध्याकाळी चादरी काढल्या. वाळ्याचे पडदे बांधले, तेही काढावे लागले. पंखा लावला तर गरम वारा. आणि दुपारी नेमकी वीज जायची. मग ती ओला टॉवेल घेऊन खाटेशी बसे आणि त्यांचं अंग पुसत राही. टॉवेल वाळे, ती भिजवी, पुन्हा वाळे. तिच्या स्वतःच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मी ताक घेऊन जाई, ती भांडं हातात घेई आणि प्यायची विसरून जाई.

हुबळीची मुलगी बाळंतीण, तिला येता येईना. अशात अक्कलकोटहून रेवणप्पांची थोरली बहीण गुरम्मा आली. धिप्पाड बाई, मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाली, “काचेत ठेवायला तो काय मुरांबा हाय? आत घे त्याला!”

“आत घेटलं तर पानी घेत न्हाईत, अक्का.”

“नाक दाब, तोंड उघडंल! नवऱ्याचं ऐकून नवरा घालवशील तू.”

गुरम्माच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा खाट आत नेली. पुन्हा तेच. दात आवळलेले, डोळे मिटलेले. गुरम्माने बळेच चमचा घातला तर पाणी गालावरून मानेवर गेलं. दुसऱ्या दिवशी तीच रडत म्हणाली, “ने बाई त्याला भायेर.”

त्या दुपारी महादेवी माझ्या ओट्यावर येऊन बसली. डोक्यावर पदर नव्हता, पायांत चप्पल नव्हती. एवढ्या उन्हात अनवाणी आली होती आणि ते तिला कळलंही नव्हतं.

“वैनी, आत मरतेत आन भायेर बी मरतेत,” ती म्हणाली. “मी कुटं ठिवू त्यास्नी? सांगा की. तुमी लई शिकलाव.”

मी आतून घागर आणून तिच्या पोळलेल्या पायांवर पाणी ओतलं. एवढ्यात रस्त्यावरून हाळी आली, “पांढरीऽऽ घ्या, पांढरीऽऽ!” निंगव्वा आपली गाढवं घेऊन चालली होती. उन्हाळा चढला की ती जुन्या गावठाणातली माती आणून माळवदाच्या घरांना विके. महादेवीने मान वर केली. उठली. तशीच अनवाणी रस्त्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंगव्वा आणि तिच्या दोन सुना शिडी लावून त्या छतावर चढल्या. बुट्ट्या भरभरून पांढरी वर जायला लागली. महादेवी खालून सांगत होती, “बोटभर नगं गं, चांगली वीतभर घाल. आन ठोकून बसीव.”

खोलीत रेवणप्पांच्या अंगावरून शिडीवरच्या बायकांच्या सावल्या सरकत होत्या. आधी ते नुसते बघत होते. मग वर माती ठोकायची धुम्मस बसायला लागली, धप, धप. आणि ते ओरडायला लागले. एवढा आवाज त्यांनी आजारपणात कधी काढला नव्हता. डावा हात खाटेच्या पाटीवर आपटत होता, बोट वर छताकडे, मग तिच्याकडे, पुन्हा छताकडे.

महादेवी धावत आत आली. त्यांच्याकडे बघितलं, आणि दोन-तीन महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं.

“बघा वैनी, अजून भांडतेत!” ती म्हणाली. त्यांच्या उशाशी बसून त्यांचा हात धरला. “म्हना, मातीतली बाई म्हना. काय बी म्हना. तुमचा तलाव तुमाला ठिवला का न्हाय? एक चादर लावली न्हाय. आता छत तेवढं माजं.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पदराने टिपलं. नवरा हरला म्हणून रडतोय असं तिला वाटलं, आणि तिलाही भरून आलं.

गारवा मात्र खरा होता. पांढरी बसली त्या दुपारी मी खोलीत पाय ठेवला तो जाणवला. ऊन काचेतून येत होतं, पण डोक्यावरचा तवा विझला होता. रोज संध्याकाळी महादेवी शिडीने घागरी वर चढवून मातीवर पाणी मारी. ओल्या मातीचा वास खाली येई. रेवणप्पांनी ज्वारीची आंबील घेतली, लघवी सुधारली, डॉक्टरांनी मान डोलावली. गुरम्मानेसुद्धा म्हटलं, “आमच्या घरात एकीला तरी अक्कल हाय.” महादेवी दोन वेळा जेवायला लागली.

एकच होतं. रेवणप्पांनी तलाव बघायचं सोडलं होतं. ते सारखे वर बघत. छत जिथे आतल्या भिंतीतून बाहेर निघतं, नेमकं तिथे.

“ज्या तलावासाठी एवढं केलं, तो सोडून स्लॅब काय बघतोय?” गुरम्मा म्हणाली.

“गारवा कुटनं येतोय ते बघत असतील,” महादेवी म्हणाली.

आणि ती खाटेशी येऊन बसली की ते डाव्या हाताने तिला ढकलत. आंबील घेत, पण भांडं रिकामं झालं की तिच्या खांद्याला हात लावून दाराकडे लोटत. तिने टॉवेल आणला की लोटत. रात्री ती खाटेखाली चटई टाकायची, तेव्हा तर असा आवाज करत की गुरम्मा उठून येई. “अजून राग गेला न्हाय,” महादेवी मला म्हणाली. “जाऊ दे. रागात तरी हायत. राग करायला मानूस लागतोय की.”

एके दिवशी दिवेलागणीच्या आधी मी तिथे होते. महादेवी नुकतीच पाणी मारून खाली आली होती, पातळाचा ओचा भिजलेला. त्यांच्या पायांशी बसून ती बेलाची पानं निवडत होती. तेव्हा तो आवाज झाला. फार मोठा नव्हता. कुणी मोठ्या नखाने काचेला टिचकी मारावी तसा.

समोरच्या काचेत वरच्या कोपऱ्यातून खालपर्यंत एक रेघ गेली होती.

आम्ही बघत राहिलो. रेवणप्पांनी मात्र महादेवीच्या पाठीत हात घातला आणि जिवाच्या आकांताने तिला दाराकडे लोटलं. ती पडली, पानं सांडली. दुसरी टिचकी. बाजूच्या काचेत रेघ. आतल्या भिंतीला लागून छताखाली एक काळी फट उघडली होती आणि तिच्यातून गढूळ पाणी ठिबकत होतं.

“उठा!” मी ओरडले. महादेवी उठली, पण दाराकडे नाही. तिने त्यांच्या अंगाखालच्या चादरीची दोन टोकं धरली. माझ्या हातात दुसरी दोन आली. आम्ही त्यांना खाटेवरून अक्षरशः जमिनीवर ओढलं आणि तसंच फरशीवरून ओढत उंबरा पार केला. गुरम्माने दारातून चादर धरून शेवटचा हिसका दिला. मागे काचा फुटल्या, एकदम नाही, एकामागून एक, जशी कुणी घाईने पत्ते टाकावेत. धूळ बसली तेव्हा बघितलं, छत पडलं नव्हतं. पुढच्या बाजूने वाकून, मोडक्या फांदीसारखं लोंबत होतं.

रेवणप्पा शुद्धीवर होते. बायकोकडे बघत होते.

सकाळी इंजिनियर आला. छताखाली टेकू देणारी माणसं त्याने बरोबर आणली होती. वर बघितलं आणि विचारलं, “वर काय घातलंय?”

“पांढरी,” महादेवी म्हणाली.

“माती? आणि पाणी?”

“गारव्याला.”

त्याचा चेहरा उतरला. तो काही वाईट मुलगा नव्हता. जपून जपून म्हणाला, “बाई, हे छत फक्त स्वतःचं वजन पेलायला केलेलं होतं. आणखी काही नाही. वर माती नको, पाणी नको, माणूस चढायला नको, हे मी त्यांना चार वेळा बजावलं होतं. छत वाकलं की सगळा भार काचेवर येणार, काच तो घेणार नाही. त्यांना पूर्ण माहीत होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?”

रेवणप्पांनी ते चांगल्या दिवसांत का सांगितलं नसेल, हे मला तेव्हाच कळलं. ज्या छताला बायकोच्या कुरडया पेलत नाहीत त्या छताची फुशारकी कुठल्या तोंडाने मारायची? म्हणून जिना नाही, म्हणून ‘हात लावायचा न्हाय’.

महादेवीची नजर रिकाम्या खाटेवर होती, जिथे काचांचा चुरा पडला होता.

“सांगितलं की,” ती म्हणाली. “लई सांगितलं.”

आणि मग ती जमिनीवर बसली आणि कानडीत काहीतरी म्हणत कपाळ भिंतीवर आपटायला लागली. गुरम्माने, त्या कडक बाईने, तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. महादेवी म्हणाली, “त्यास्नी तोंड नव्हतं तरी सांगत हुते, अक्का. मी म्हनलं, भांडतेत. मला ढकलत हुते, भायेर जा म्हनून ढकलत हुते. मी म्हनलं, राग हाय.”

आतल्या खोलीत रेवणप्पांनी पुन्हा दात आवळले होते.

इंजिनियर म्हणाला, खोली पाडून टाकणं बरं. महादेवी उठून उभी राहिली. “पाडायची न्हाय. कशानं ऱ्हाईल ते सांगा.” तो म्हणाला, मग खाली खांब घ्यावे लागतील, काचेच्या जागी विटांच्या भिंती. पण मग ती खोली राहणार नाही, नुसती खोली होईल. “हुंदे,” ती म्हणाली. “झटक्यात करा.”

मायाप्पा गवंडी दिवसरात्र कामाला लागला. खाली दोन खांब उभे राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं मला. त्या पोटाखाली उभं राहून ‘खांब हाय का कुटं’ विचारणारा माणूस डोळ्यांपुढे यायचा. माती उतरवली, छत टेकूने उचललं, भिंती चढायला लागल्या. इकडे महादेवी कापसाचा बोळा भिजवून रेवणप्पांच्या ओठांवर पिळत होती आणि तिकडे धावत जाऊन विचारत होती, “आज किती हुईल?” डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले, दुसऱ्यांदा शीर सापडेना.

खिडकीवरून तिचं आणि मायाप्पाचं वाजलं. “अक्का, खिडकी गुडघ्याच्या उंचीला कुणी ठिवतंय का?” तो म्हणाला. “भायेर काय कोंबड्या बघायच्या हायत?”

महादेवीने रेवणप्पांना जरा वेळ आत खालच्या गादीवर घेतलं. तिने आतून खाट आणवली, भिंतीला लावली आणि त्या चार गड्यांसमोर ती स्वतः खाटेवर आडवी झाली. त्यांच्याच उशीवर डोकं ठेवलं. हात लांब करून विटांवर बोटाने रेघ ओढली. “हितनं,” म्हणाली, “आन हितपत्तोर.” मायाप्पाने ओळंबा उचलला.

गिलावा ओला होता तेव्हाच त्यांना तिथे नेलं. थांबायला वेळच नव्हता. आम्ही तिघींनी आणि शेजारच्या एकीने मिळून खाट उचलली, एवढंच त्यांचं वजन राहिलं होतं. डाव्या अंगाला भिंत, भिंतीत ती लांबट, बुटकी खिडकी. ज्येष्ठातला तलाव पार तळाला गेला होता. कमळं नव्हतीच, चिखलात म्हशी बसल्या होत्या. महादेवीने त्यांची मान हळूच तिकडे वळवली आणि आपण मागे, त्यांना दिसणार नाही अशी उभी राहिली. हातात पाण्याची वाटी आणि चमचा.

त्यांनी डोळे उघडले. खिडकीतून बघितलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग डावा हात उचलला. त्यांनी खिडकीशेजारच्या नव्या भिंतीवर नखाने टिचकी मारली.

काही आवाज झाला नाही. ओल्या गिलाव्यात नखाची खूण तेवढी उठली.

त्यांनी पुन्हा मारली. ऐकत राहिले. मग बोटं उलगडली आणि सगळा तळवा भिंतीवर ठेवला, जसा रोज पूजेला मोकळा ठेवत तसा, फक्त पालथा. तो तिथेच राहिला. महादेवी पुढे आली, तिने चमचा ओठांना लावला. दात सुटले. पाणी आत गेलं. तिने घाईने दुसरा चमचा भरला, अर्धं पाणी उशीवर सांडलं.

पाऊस संपता संपता रेवणप्पा गेले, त्याच खाटेवर. अखेरपर्यंत पाणी घेत होते. खिडकीतून मात्र क्वचितच बघायचे. हात भिंतीवर असायचा.

आता खोलीला तीन भिंती आहेत, पण त्यांतल्या एकीलाही तिने खिळा मारू दिलेला नाही. गुरम्मा बसवेश्वरांचा फोटो घेऊन आली होती, तो पुन्हा पिठाच्या डब्यावर गेला. गिलाव्यावर नखांच्या दोन खुणा अजून आहेत. भिंतीला चुना द्यायचा तर तेवढी जागा ती वगळायला लावते.

एकदा धीर करून मी तिला विचारलं, “त्या दिवशी भिंतीवर हात का ठेवला असेल त्यांनी?”

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“गार लागली असंल की,” ती म्हणाली. “दुसरं काय.”